मुलगा ‘फिट’ असल्याचा कागद आहे, पण तपासणी झाली का?

शाळेची क्रीडा स्पर्धा असो, ट्रेकिंगचा कॅम्प असो की कॉलेजचा प्रवेश. मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट लागतंच. ओळखीच्या डॉक्टरांपुढे छापील फॉर्म ठेवायचा आणि सही-शिक्का घेऊन निघायचं, एवढंच ते काम. माझ्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशावेळी हेच झालं. ‘दृष्टी सामान्य’ असा कागद कॉलेजात जमा झाला आणि पहिल्याच सेमिस्टरमध्ये दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. तो काही वर्षं जुना असावा, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. बारावीपर्यंत मी शेजारच्याच्या वहीतून उतरवून घ्यायचो. मला वाटायचं, फळा सगळ्यांनाच असा पुसट दिसतो.

बाळ असताना आपण लसीकरणाची तारीख चुकवत नाही. पाच वर्षांचा डोस झाला की ते कार्ड कपाटात जातं. मग दवाखाना आठवतो तो ताप आला किंवा हात मोडला तरच. पण तापासाठी गेलेल्या मुलाचा डॉक्टर घसा बघतात, पाठीचा कणा नाही. दहा ते अठरा या वयात शरीर झपाट्याने बदलत असतं आणि नेमकी तीच वर्षं कुणी न बघता निघून जातात.

मग वर्षातून एकदा काय बघायचं?

उंची आणि वजन, पण नुसता आकडा नाही. एका रीडिंगवरून काहीच कळत नाही. मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवलं की वाढ मंदावली की वजन सुटलं, ते दिसतं. डोळे, दात, कणा. आणि ब्लड प्रेशर. ‘मुलांना कसलं बीपी?’ असं अनेक घरांत म्हणतात. तेराव्या वर्षापासून १३०/८० किंवा त्याहून जास्त रीडिंग पुन्हा पुन्हा आलं, तर ते उच्च रक्तदाबातच मोडतं. पट्टा मात्र मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. मोठा असेल तर आकडा खोटाच कमी येतो.

मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन टाळूच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला; मुलांमध्येही हे प्रमाण ३१ टक्के होतं. मुलगी जिना चढून दमते, चिडते, तिचं अभ्यासात लक्ष लागत नाही आणि आपण दोष मोबाइलला देतो. कधी तो मोबाइलचा असेलही, पण आधी रक्त तपासा. पाळीत जास्त रक्त जातं का, हेही विचारलं गेलं पाहिजे. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असते, ती झाली का तेही याच वेळी बघून घ्या.

यासाठी लॅबचं साठ-सत्तर चाचण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज लागत नाही. सवलतीचे मेसेज कितीही येवोत. वजनकाटा, टेप, बीपीचं यंत्र, दृष्टीचा तक्ता, गरज असेल तर एक रक्तचाचणी आणि डॉक्टरांची वीस मिनिटं पुरतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येऊन मुलं तपासतं. २०१३ पासूनची ही योजना मोफत आहे. गाडी अडते ती पुढे. ‘रुग्णालयात दाखवा’ म्हणून दिलेली चिठ्ठी दप्तरातच राहते. खासगी शाळांतल्या पालकांना वाटतं, शाळा बघत असेल. शाळेचं शिबिर कधी नुसतं दातांचं असतं; त्यातून टूथपेस्टचं सॅम्पल घरी येतं, बाकी काही नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. तपासणीतली दहा मिनिटं आईवडिलांनी बाहेर बसायला हवं. झोप, पाळी, तंबाखू, वर्गातली दादागिरी, मनात येणारे वाईट विचार. आई शेजारी बसलेली असताना चौदा वर्षांचा मुलगा यातलं काय सांगणार? ‘आमच्यापासून काय लपवायचंय?’ हा प्रश्न मायेपोटीच येतो, पण तोच मुलाचं तोंड बंद करतो. जिवाला धोका असेल तर डॉक्टर पालकांना सांगतातच. काही सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. तिथे हे बोलणं अपेक्षितच असतं.

पुढच्या वेळी फिटनेसचा फॉर्म घेऊन गेलात की सहीआधी बीपी मोजायला सांगा. गर्दीत डॉक्टरांना ते जमणार नाही, हेही खरं. मग मुलाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात वेळ ठरवून जा आणि या वर्षीच्या आकड्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी तोच आधी दाखवायचा आहे.