लहान इंजिनाची शर्यत

काष्टीच्या शनिवारच्या बाजारांत जाणता शेतकरी बैलाचें केवळ बळ पाहत नाहीं. अंगाचें ओझें पायांस पेलतें कीं नाहीं, हेंही पाहतो. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरांच्या, शर्यतीसाठीं लहान इंजिन सिद्ध करणाऱ्या तरुणांनींही हीच दृष्टि ठेवावी, असें आम्हांस वाटतें. आठ अश्वशक्तीची दुचाकी स्वारासह १७६ किलो भरल्यास दर अश्वशक्तीस २२ किलो भार येतो. सोळा किलो उतरविल्यास २०च. शक्ति न वाढवितां वेग वाढतो. मात्र हा भार ब्रेक काढून उतरवूं नये. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. त्यांस योग्य स्थान तेंच. दौंड-नगर रस्त्यावर वाटसरू असतात. तेथें शर्यत लावणें हें कौशल्य नव्हे. पालकहो, मुलांच्या हातचा पाना काढून घेऊं नका. भर रस्त्यावरील शर्यत मात्र खपवून घेऊं नका.