दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ

६ फेब्रुवारी २०१६. न्यू हॅम्पशायरमधल्या सेंट अँसेल्म कॉलेजच्या मंचावर रिपब्लिकन पक्षाचे सात इच्छुक उभे होते आणि मतदान तीन दिवसांवर आलं होतं. मार्को रुबियो तेव्हा ऐन भरात होते. आयोवात तिसरे येऊनही त्यांना जवळपास विजेत्याइतकी प्रसिद्धी मिळाली होती. न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी त्यांना अनुभवावरून छेडलं. रुबियो म्हणाले, ओबामांना आपण काय करतोय ते कळत नाही हा भ्रम सोडून द्या, त्यांना ते पक्कं कळतं. सरकारी वकिली केलेल्या ख्रिस्तींनी लगेच टोमणा हाणला : हे पाठ केलेलं पंचवीस सेकंदांचं भाषण आहे. त्यावर रुबियोंनी काय करावं? तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ‘आलं बघा,’ ख्रिस्ती म्हणाले. सभागृहात हशा आणि रुबियोंच्या चेहऱ्यावर घाम.

डिबेटमध्ये प्रतिस्पर्ध्याला कसं लोळवावं याचा हा नमुना आजही दाखवला जातो. पण निकाल कुणी फारसा सांगत नाही. रुबियो पाचवे आले आणि त्यांना लोळवणारे ख्रिस्ती सहावे. ख्रिस्तींना जेमतेम सात टक्के मतं पडली आणि दुसऱ्याच दिवशी ते शर्यतीतून बाहेर पडले. पस्तीस टक्के मतं घेऊन जिंकले डोनाल्ड ट्रम्प. दुसरे आले जॉन केसिक, जे या हाणामारीपासून चार हात लांब राहिले होते.

२०२८ च्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांनी अमेरिकेत हातपाय हलवायला सुरुवात केली आहे. काही महिन्यांत त्यांच्या भोवती सल्लागारांचा गराडा पडेल आणि सगळे एकच मंत्र देतील : आक्रमक व्हा, कुणावर तरी तुटून पडा, क्लिप व्हायरल झाली पाहिजे. हा सल्ला बहुतेक वेळा अंगाशी येतो, असं आजवरच्या डिबेट सांगतात. गर्दीत उठून दिसायचं असेल, तर दुसऱ्याचं उणं काढण्याआधी मतदाराच्या मनात आपल्याबद्दल कोणती शंका आहे ते ओळखावं आणि त्या मंचावर ती फेडावी. बाकी सगळं दुय्यम.

यामागचं कारण प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, रचनेतच आहे. आपल्याकडे तिकीटवाटप बंद दाराआड होतं. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात, शेवटच्या रात्री एबी फॉर्म कुणाच्या हाती पडतो ते कळतं आणि मतदाराला आयता उमेदवार मिळतो. अमेरिकेत उमेदवार कोण, हे आधी मतदारच ठरवतात. त्यामुळे मंचावरचे सगळे एकाच पक्षाचे असतात. करांपासून गर्भपातापर्यंत त्यांची मतं उन्नीस-बीस सारखी. पक्षाचं चिन्ह बघून मत देणाऱ्याला इथे चिन्हाचा उपयोग नसतो आणि म्हणून मुख्य लढतीच्या डिबेटपेक्षा प्रायमरीच्या डिबेटनंतर लोक जास्त सहज मत बदलतात. वेळही तुटपुंजा. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने वीस जणांना दोन रात्रींत विभागलं होतं आणि उत्तराला साठ सेकंद दिले होते.

शिवाय स्वपक्षाचे मतदार बहुतेक उमेदवारांना आपलेच मानतात. एकाने दुसऱ्याला जखमी केलं, तर जखमीची मतं गळतात खरी, पण ती मारणाऱ्याच्या झोळीत पडत नाहीत. ‘घरातल्या माणसावर इतकं तुटून पडायची काय गरज होती?’ असं पुटपुटत मतदार तिसऱ्याकडे जातो.

१९ फेब्रुवारी २०२० ची लास व्हेगासची डिबेट पाहा. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग पहिल्यांदाच मंचावर आले होते. या मोहिमेत त्यांनी स्वतःच्या खिशातले पन्नास कोटी डॉलरहून अधिक ओतले. एलिझाबेथ वॉरन यांनी पहिल्या काही मिनिटांतच त्यांना धरलं. बायकांबद्दल त्यांनी काढल्याचे सांगितले जाणारे उद्गार ऐकवले, कंपनीतल्या स्त्रियांशी केलेल्या गोपनीयतेच्या करारांतून त्यांना मोकळं करणार का, असा थेट सवाल टाकला. आपला एखादा विनोद त्यांना आवडला नसेल, असं काहीतरी ब्लूमबर्ग बोलून गेले आणि जाहिरातींनी उभारलेली प्रतिमा तिथेच कोसळली. दोन आठवड्यांनी सुपर ट्यूसडेला, म्हणजे अनेक राज्यांत एकाच दिवशी होणाऱ्या मतदानात, ब्लूमबर्ग फक्त अमेरिकन सामोआ जिंकू शकले. पण वॉरन? त्या स्वतःच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तिसऱ्या आल्या आणि ब्लूमबर्गनंतर एका दिवसाने त्यांनीही माघार घेतली. मध्यममार्गी मतदार मोकळा झाला आणि जो बायडेन यांच्यामागे गेला. त्या रात्री बायडेन यांनी फार काही केलंच नव्हतं.

बायडेन यांच्या वयावरून २०१९ मध्ये दोघांनी त्यांना डिवचलं. मायामीत २७ जूनला एरिक स्वॉलवेल म्हणाले, आता मशाल पुढच्या पिढीकडे द्या. सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला हुलियन कॅस्ट्रो यांनी ‘दोन मिनिटांपूर्वी काय बोललात तेच विसरलात का?’ असं विचारलं. स्वॉलवेल अकरा दिवसांत बाहेर पडले. कॅस्ट्रोंवर स्वपक्षातूनच टीकेची झोड उठली आणि जानेवारीच्या सुरुवातीला तेही गेले. आणि मायामीनंतर बरोबर पाच वर्षांनी, २७ जून २०२४ ला, ट्रम्प यांच्यासमोर बायडेन अडखळले तेव्हा त्याच वयाच्या मुद्द्याने त्यांची उमेदवारी घालवली. शंका लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की टिकते. प्रतिस्पर्ध्याने कानात सांगितलेली शंका सांगणाऱ्यावरच उलटते.

मग फेडायची कशी? त्यासाठी १९८० च्या नाशुआला जायला हवं. रोनाल्ड रेगन तेव्हा नुकतेच एकोणसत्तर वर्षांचे झाले होते. आयोवातली डिबेट त्यांनी टाळली होती आणि तिथे जॉर्ज बुश यांनी त्यांना हरवलं होतं. म्हातारा दमला की काय, लढायची इच्छा तरी आहे का, ही कुजबुज न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू होती. स्थानिक ‘नाशुआ टेलिग्राफ’ने शाळेच्या जिममध्ये फक्त रेगन आणि बुश यांची डिबेट ठेवली. इतर उमेदवारांनी हरकत घेतल्यावर खर्च रेगन यांच्या मोहिमेने उचलला आणि तिने गुपचूप इतर चौघांनाही बोलावून घेतलं. बॉब डोल, हॉवर्ड बेकर, जॉन अँडरसन आणि फिल क्रेन मंचावर आले, पण त्यांना खुर्च्याच नव्हत्या. चौघं मागे ताटकळत उभे. बुश समोर बघत गप्प बसून राहिले. रेगन चौघांची बाजू मांडू लागले, तेव्हा सूत्रसंचालक जॉन ब्रीन यांनी ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला रेगन यांचा माइक बंद करायला सांगितलं. रेगन कडाडले : या माइकचे पैसे मी भरतोय, मिस्टर ग्रीन!

नाव चुकलं, पण कुणाला पर्वा नव्हती. जिम टाळ्यांनी दणाणलं, उभे असलेले चौघंही टाळ्या पिटत होते. नंतर ते चौघे निघून गेले आणि ठरलेली डिबेट झालीही. तिच्यात कोण काय बोललं, हे आज कुणाला आठवत नाही. तीन दिवसांनी रेगन यांना पन्नास टक्के मतं मिळाली, बुश यांना तेवीस. या प्रसंगात रेगन यांनी बुश यांच्याबद्दल एक अक्षर काढलेलं नव्हतं. आपण म्हातारे नाही, असंही ते म्हणाले नाहीत. ज्याला धमक उरली नाही असं लोकांना वाटत होतं, त्याने धमक दाखवली. सगळा बेत त्यांच्या माणसांनी रचला होता हे खरं, पण वेळ आल्यावर आवाज चढवायचा तो उमेदवारालाच चढवावा लागतो.

हल्ला करूच नये, असं माझं म्हणणं नाही. हल्ल्यातून स्वतःवरच्या शंकेचं उत्तर निघत असेल तर जरूर करावा. न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत १२ जून २०२५ ला सात जण मंचावर होते. मीरा नायर यांचे चिरंजीव झोहरान ममदानी तेहतीस वर्षांचे. त्यांच्याविषयीची शंका उघड होती : या पोराला अनुभव काय? माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो नेमकं तेच ठासून सांगत होते. ममदानींनी अनुभवाचा आव आणला नाही. मला कधी बदनाम होऊन राजीनामा द्यावा लागला नाही, मी कधी गरिबांच्या आरोग्ययोजनेला कात्री लावली नाही, अशी यादी ते सुरात वाचत गेले. (लैंगिक छळाच्या आरोपांनंतर क्युओमो यांनी २०२१ मध्ये राजीनामा दिला होता, आरोप ते फेटाळत आले आहेत.) शेवटी आपलं आडनाव एकेक अक्षर करून ऐकवलं, कारण क्युओमो ते सतत चुकवत होते. एका दमात दोन कामं झाली. अनुभव हाच क्युओमोंचा भार ठरला आणि ममदानींचं कोरं पान ही जमेची बाजू.

त्यांनी आणखी एक शहाणपणा केला. न्यूयॉर्कच्या प्रायमरीत मतदार पाच पसंतीक्रम देऊ शकतो. दुसऱ्याच दिवशी ममदानी आणि मंचावरचे आणखी एक उमेदवार ब्रॅड लँडर यांनी आपापल्या समर्थकांना एकमेकांना पुढची पसंती द्यायला सांगितलं. तिसऱ्याचा लाभ होणारच असेल, तर तो तिसरा आपला मित्र असावा, हे त्यांनी आधीच पाहून ठेवलं.

डिबेट संपली की खरी परीक्षा सुरू होते. मायामीत २७ जून २०१९ लाच कमला हॅरिस यांनी बायडेन यांना सत्तरच्या दशकातल्या भूमिकेवरून गाठलं. शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी कृष्णवर्णीय मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवण्याची सक्ती तेव्हा बायडेन यांना मान्य नव्हती. कॅलिफोर्नियात अशी बसने जाणारी एक लहान मुलगी होती आणि ती मुलगी म्हणजे मी, असं हॅरिस म्हणाल्या. सभागृह स्तब्ध झालं. त्याच रात्री त्यांच्या लहानपणीचा फोटो छापलेले टी-शर्ट विक्रीला आले आणि काही चाचण्यांत त्या दुसऱ्या क्रमांकावर पोचल्या. मग पत्रकारांनी साधा प्रश्न विचारला : आज तुम्ही ही सक्ती लागू कराल का? हॅरिस यांचं उत्तर बायडेन यांच्यापासून फार लांबचं नव्हतं. टी-शर्ट तयार होता, धोरण तयार नव्हतं. ३ डिसेंबरला, एकही मत पडण्याआधी, त्यांनी माघार घेतली. पुढे बायडेन यांनीच त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली, ती गोष्ट वेगळी.

टाळ्यांवर विसंबणाऱ्यांची गतही पाहावी. जानेवारी २०१२ मध्ये साउथ कॅरोलायनात सूत्रसंचालकाने पहिलाच प्रश्न माजी पत्नीच्या आरोपांवरून विचारला, तेव्हा न्यूट गिंगरिच यांनी माध्यमांवरच तोफ डागली. सभागृह उभं राहिलं आणि दोन दिवसांनी त्यांनी ते राज्य जिंकलं. पुढची डिबेट फ्लोरिडातल्या टाम्पाला. तिथे प्रेक्षकांना शांत बसायला सांगितलं होतं. गिंगरिच यांचे तेच हातखंडे फिके पडले. पुढे असे नियम चालणार नाहीत, अशी कुरकुर त्यांनी केली. फ्लोरिडा मिट रॉम्नी यांनी खिशात घातलं.

आणि कधी कधी लाभ घेणारा तिसरा सभागृहातच नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मिलवॉकीत आठ रिपब्लिकन मंचावर होते. त्या दिवसाची सर्वाधिक चर्चा विवेक रामस्वामी यांनी मिळवली. परराष्ट्र धोरणाचा तुम्हाला अनुभव नाही आणि तो नाही हे दिसतंय, असं निकी हेली यांनी त्यांना सुनावलं. संयुक्त राष्ट्रांत राजदूत राहिलेल्या हेलींना ते शोभलं आणि पुढे त्याचा फायदाही झाला. पण ट्रम्प दोषी ठरले तरी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा देणार का, असं विचारल्यावर आठांपैकी बहुतेकांचे हात वर गेले. ट्रम्प तिकडे आलेच नव्हते. जानेवारीत आयोवात त्यांना एक्कावन्न टक्के मतं पडली, रामस्वामींना आठच्या आत. एकमेकांशी भांडून आठ जणांनी एका गैरहजर माणसाचं आसन पक्कं केलं.

खालच्या पातळीवरही गणित हेच. बेळगावच्या मराठी घरातले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत भरपूर पैसा ओतूनही तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातल्या काँग्रेसच्या जागेसाठी नऊ डेमोक्रॅट उभे होते आणि ठाणेदारांनी सुमारे अठ्ठावीस टक्क्यांवर ती प्रायमरी जिंकली. इतक्या गर्दीत बाकीच्या आठांना पाडायची गरज नसते. आपले अठ्ठावीस टक्के पक्के असले की भागतं.

तेव्हा येत्या हंगामात एखादी डिबेट पाहिलीत, तर दुसऱ्या दिवशीच्या ‘कोण जिंकलं’ याद्यांकडे फार लक्ष देऊ नका. त्या याद्या जखमा मोजतात. आदल्या दिवशी ज्याच्याबद्दल मनात ‘पण’ होता, त्याच्याबद्दलचा तो ‘पण’ गेला का, एवढंच स्वतःला विचारा. ज्याचा गेला तो पुढे जाईल, मग त्याचं एकही वाक्य तुम्हाला आठवत नसलं तरी.