आभार पोचले पाहिजेत

रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, मन प्रसन्न राहील, हा सल्ला हल्ली सगळीकडे ऐकू येतो. तो निराधार नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. दहा आठवडे, दर आठवड्याला, एका गटाने कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य इतरांपेक्षा अधिक समाधानाचं वाटलं. स्नायू आणि मज्जातंतूंच्या विकारांनी ग्रासलेल्या प्रौढांच्या २१ दिवसांच्या प्रयोगातही असाच फरक दिसला, आणि तो त्यांच्या जवळच्या माणसांनाही जाणवला. तरीही माझं म्हणणं असं, की कृतज्ञता वहीत थांबली तर तिचं निम्मं काम राहून जातं. ज्याच्यामुळे आपला भार हलका झाला, त्याला तो नेमका कशाने झाला हे आपल्या तोंडून आणि वेळेवर कळलं पाहिजे. देशाबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर याची गरज जास्तच आहे, कारण इथे हक्काचे नातेवाईक थोडे आणि मदतीला धावून येणारे बहुतेक परिचितच.

मनात कृतज्ञ असणं आणि ते बोलून दाखवणं यांतला फरक संशोधकांनी तपासला आहे. नॅथॅनियल लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात काही जणांनी मित्राबद्दल नुसता कृतज्ञतेने विचार करायचा होता, तर काहींनी ती त्याच्यापाशी व्यक्त करायची होती. या मित्राचं भलं पाहणं ही आपली जबाबदारी आहे, ही भावना बोलून दाखवणाऱ्यांमध्ये अधिक वाढली. मार्टिन सेलिगमन यांच्या गटाने २००५ मध्ये काही उपाय एकमेकांशी ताडून पाहिले. ज्याचे आभार नीट मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहून ते स्वतः नेऊन देणं, याचा लगेच दिसलेला परिणाम सर्वांत मोठा होता, पण तीन महिन्यांत तो ओसरला. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकला. म्हणजे वही टाकून द्यायची नाही. वहीमुळे नजर तयार होते. पण त्या नजरेला जे दिसलं ते माणसापर्यंत नेणं हे एकदाच करून संपणारं काम नाही. मग आपण ते करत का नाही? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ च्या संशोधनात याचं उत्तर सापडतं. आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणारा अवघडेल. प्रत्यक्षात वाचणारे त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडले आणि कितीतरी अधिक सुखावले. आपण गप्प राहतो ते बहुधा या चुकीच्या अंदाजापायी.

यावर आपल्याकडचा आक्षेप ठरलेला आहे: घरच्यांचे कसले आभार? आभार मानले की माणूस परका होतो. या म्हणण्यात तथ्य आहे. २०१८ मध्येच सिमियन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमधली घरगुती, रोजची संभाषणं तपासली. मागितलेली मदत मिळाल्यावर शब्दांत आभार मानले गेले ते सरासरी वीस प्रसंगांत एकदा. तेव्हा पाण्याचा तांब्या देणाऱ्याचे आभार न मानणं हा मराठी माणसाचा उद्धटपणा नव्हे. मागितलं की मिळणार, हा विश्वास नात्यात धरलेलाच असतो. मात्र हा निष्कर्ष मागून मिळालेल्या छोट्या मदतीपुरता आहे. बाळंतपणासाठी आपलं घरदार सोडून सहा-सहा महिने परक्या थंडीत येऊन राहणारी आई किंवा सासू, जोडीदाराच्या नोकरीसाठी स्वतःची नोकरी सोडून देश बदलणारा माणूस, यांचं देणं त्या मापाने मोजता येत नाही. आपल्या परंपरेला हा भेद ठाऊक आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतात. वर्षभर जू जिथे बसलं, नेमके तेच खांदे. माणसाचे आभारही असेच असावेत: कष्ट कुठे पडले ते ओळखून, तिथवर पोचणारे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. २०१७ च्या एका तुलनात्मक अभ्यासात अमेरिकी आणि भारतीय लोकांनी कृतज्ञतेची पत्रं लिहिली. भारतीयांना बरं वाटलं, पण त्यासोबत खंत आणि अपराधीपणही वाटलं. आपल्याला यात नवल वाटू नये. उपकार म्हणजे ऋण आणि ऋण फेडायचं असतं, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. आईवडील साताऱ्यात किंवा नाशकात आणि मुलं समुद्रापार, अशा घरांत न फिटलेलं ऋण प्रत्येक फोनच्या मागे उभं असतं. इथे नुसती वही ऋणांची यादीच वाढवते. बोलणं जड जातं, म्हणून फोन आटोपते घेतले जातात आणि शब्दांची जागा पैसे आणि वस्तू घेतात. ऋण पूर्ण फिटणार नाही हे मान्य करूनही ‘तुम्ही तेव्हा कर्ज काढून मला शिकवलंत, म्हणून आज हे जमलं’ एवढं सांगता येतं. देणाऱ्याला परतफेड हवीच असते असं नाही. आपलं देणं कारणी लागलं हे त्याला कळायला हवं असतं.

सर्वांत गंभीर आक्षेप असा, की कृतज्ञतेचा उपदेश दुबळ्याला गप्प बसवायला वापरला जातो. मिळतंय त्यात समाधान मान, असं सुनेला, नोकरवर्गाला, नव्या स्थलांतरिताला सांगितलं जातं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच कृतज्ञता मागून घ्यायची गोष्ट नाही. तिची सुरुवात ज्याला मिळालं त्याने, स्वतःहून करायची असते. आणि आभार मानल्याने अन्यायाविरुद्ध बोलण्याचा हक्क कमी होत नाही. शिवाय कृतज्ञता हे औषधही नव्हे. २७ अभ्यासांमधल्या ३,६७५ जणांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये केलेल्या विश्लेषणात नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर कृतज्ञतेच्या उपायांचा परिणाम अल्पच आढळला. ज्याला उपचारांची गरज आहे त्याच्या हातात वही देऊन भागणार नाही.

आता घराबाहेर, आपल्या मराठी मंडळांकडे पाहू. कार्यक्रम संपता संपता आभारप्रदर्शन होतं, लोक उठू लागलेले असतात आणि पंधरा-वीस नावं एका दमात वाचली जातात. त्यातून कुणाचंच काम कुणाला कळत नाही. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, विद्यापीठासाठी फोनवरून निधी गोळा करणाऱ्या एका गटाचे संचालिकेने प्रत्यक्ष येऊन आभार मानले. पुढच्या आठवड्यात त्या गटाने केलेले फोन निम्म्याहून अधिक वाढले. त्यांचा पगार ठरलेला होता. वाढली होती ती आपल्या कामाला किंमत आहे ही जाणीव. आपले कार्यकर्ते तर बिनपगारी आहेत. दर रविवारी मराठी शाळेत शिकवणाऱ्यांना मुलांच्या पालकांनी, गणपतीच्या प्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्यांना अध्यक्षांनी, त्यांनी नेमकं काय केलं आणि त्याने काय साधलं, हे चार ओळींत लिहून त्याच आठवड्यात कळवावं. हिशेब वेळेवर मांडणं ही कार्यकारिणीची जबाबदारी आपण मानतो. आभार वेळेवर पोचवणं हीदेखील तितकीच तिची जबाबदारी मानली पाहिजे, कारण पुढच्या वर्षी काम करायला कोण उभं राहणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.