आपला वर्ग कोणता?

“आपण श्रीमंत की गरीब?” असे मुलाने विचारले, की ‘मध्यमवर्गीय’ म्हणून आपण मोकळे होतो. पण हे उत्तर आपण कोणत्या मापाने देतो?

पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जाने गांजले होते. दानदक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गेले. झाशीत त्यांना राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय लाभला. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौजेने शहर जिंकून लुटले, त्यात त्यांची मिळकतही गेली. तरीही त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात बोलतो तो विद्येवर जगणारा भिक्षुकच. घरी परतताना त्यांनी गंगाजलाची कावड आणली आणि आईवडिलांना स्नान घातले. द्रव्य गेले, पण आपण कोण याविषयी त्यांच्या मनात संदेह उरला नव्हता.

परंतु आपली ओळख आपण सांगावी, हा मान त्या काळी सर्वांना नव्हता. त्याच झाशीच्या झलकारीबाई विणकाम करणाऱ्या कोरी समाजातल्या. त्या समाजाची पायरी इतरांनीच ठरवून टाकली होती. लोकांनी मात्र झलकारीबाईंना वीरांगना म्हणून स्मरणात जपले, आणि २००१ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले.

तेव्हा मुलाला घरची मिळकत अवश्य सांगावी, पण तेवढ्यावर थांबू नये. आपण कोणते काम करतो आणि आपल्या दाराशी येणाऱ्या कष्टकऱ्याला कोणत्या शब्दाने हाक मारतो, हेही त्याला पाहू द्यावे. आपला वर्ग तो त्यावरूनच ओळखील.