ताळेबंद जुळला, पण तब्येतीचे काय?

गेल्या एप्रिलमधील गोष्ट. परिचयातील एका शिक्षकांची वीस वर्षांची मुलगी दवाखान्यात आली. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, अंगात कणकण. याच तक्रारीसाठी ती फेब्रुवारीत आली होती, मार्चमध्येही आली होती. दोन्ही वेळा मी गोळ्या लिहून दिल्या, "पाणी भरपूर पी" असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. तिसऱ्या वेळी मात्र लघवी कल्चरला पाठवली आणि विचारले, "बाळ, दिवसभरात पाणी किती पितेस?"

ती खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टरकाका, मुद्दामच पीत नाही. ऑडिटला जाते तिथे मुलींना जायला जागा नसते."

हा प्रश्न मी पहिल्याच वेळी विचारायला हवा होता. चूक माझी. मुलीच्या संमतीने हे लिहीत आहे, कारण आपल्या गावात अशी मुले-मुली पुष्कळ आहेत.

बारावीनंतर सीएची फाउंडेशन, मग इंटरमिजिएट आणि त्यानंतर एखाद्या सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, यालाच आर्टिकलशिप म्हणतात. पूर्वी ती तीन वर्षांची होती. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. मुले एकोणीस-वीस वर्षांची असतात. व्हाउचर तपासायचे, बँकेचे उतारे जुळवायचे, गोदामात जाऊन पोती मोजायची. एप्रिलच्या उन्हात बँकांच्या शाखांचे ऑडिट, सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटची घाई. २०२५ साली तर विवरणपत्रांची ३१ जुलैची मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लांबली आणि ते काम ऑडिटच्या गर्दीत येऊन पडले. शिवाय अनेकांचे बी.कॉम. सोबत चालू असते.

घरच्यांना कौतुक असते. पोरगं सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडते, रात्री दहाला येते. पण दवाखान्यात मला जे दिसते ते असे: चार वाजता जेवण, तोवर पाच-सहा कप चहा, म्हणून आम्लपित्त. दिवसभर लॅपटॉपवर वाकून बसणे, म्हणून मान आणि कंबर धरलेली. डोळे कोरडे, डोके जड, झोप पाच तास. आणि मुलींच्या बाबतीत वर सांगितले ते दुखणे.

हे दुखणे का होते, ते समजून घ्या. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो. गुदद्वाराजवळचे जंतू सहज वर चढतात. वेळच्या वेळी लघवी झाली की ते धुऊन जातात. पाणी न पिता, लघवी तासन्तास दाबून ठेवली की मूत्राशयात त्यांची वाढ होते. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या अशी लक्षणे दिसली तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असावा असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुकानातून परस्पर गोळ्या आणणे किंवा बरे वाटताच औषध अर्ध्यावर सोडणे, दोन्ही घातक. पुढे तीच औषधे लागू पडेनाशी होतात.

आता कामाच्या तासांविषयी. सीए इन्स्टिट्यूटच्या नियमात आर्टिकलने आठवड्याला किमान ३५ तास काम करावे असे आहे. हे 'किमान' हंगामात कुठे जाते, ते मुलांना विचारा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एक अहवाल दिला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. विशीतल्या मुलाला उद्याच झटका येईल असे मी म्हणत नाही. पण जागरणाची, अवेळी खाण्याची आणि शरीराची हाक दाबण्याची सवय याच वयात लागते आणि चाळिशीत तिची वसुली होते.

"आम्हीही असेच शिकलो" असे काही सीए मित्र म्हणतात. मीही इंटर्नशिपमध्ये सलग छत्तीस तास ड्यूटी केली आहे आणि त्याची फुशारकी मारली आहे. पण त्या छत्तिसाव्या तासाला मी रुग्णाला काय तपासत होतो, हे आठवले की आज लाज वाटते. सलग सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाची सावधता थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखी मंदावते, हे प्रयोगांनी दिसले आहे. अशा डोळ्यांनी तपासलेल्या व्हाउचरांवर शेवटी सही सरांची असते. आणि रात्री अकराला तेच पोर मोटारसायकलवर घरी निघते.

मेहनतीला माझा विरोध नाही. तारखा सरकारच्या, पार्टी कागद देते शेवटच्या आठवड्यात, यात सीएंचीही ओढाताण होते, हे मला माहीत आहे. पण आर्टिकल हा स्वस्तातला कारकून नव्हे, तो शिकायला आलेला विद्यार्थी आहे. आई-बापाने तो विश्वासाने स्वाधीन केलेला असतो. म्हणून तीन गोष्टी मागतो. दुपारी दीड-दोनच्या आत अर्धा तास जेवणाची सुट्टी. हंगामातही निदान सात तास झोप मिळेल अशा वेळेला घरी सोडणे. आणि मुलीला पार्टीकडे पाठवण्यापूर्वी तेथे स्वच्छतागृहाची सोय आहे का, याची चौकशी.

मुलांनो, दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्या, उन्हात जास्त. तीन-चार तासांत एकदा लघवीला जाऊन या. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब पाहा. डबा घरून न्या. नव्या योजनेत आर्टिकलशिप संपल्यावर फायनलपूर्वी सहा महिने अभ्यासाला मिळतात. ते आजारपण निस्तरण्यात घालवू नका. पालकांनो, "स्टायपेंड किती मिळतो?" याच्या आधी "जेवलास कधी?" हे विचारा.

त्या मुलीला सरांशी बोलायचा संकोच वाटत होता. शेवटी तिचे वडीलच भेटले. सर भले गृहस्थ. हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे पार्टीला फोन लावला. तेव्हा कळले की गोदामात संडास होता. त्याला कुलूप होते आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात होती. दुसऱ्या दिवसापासून ती किल्ली टेबलाशेजारच्या खिळ्याला लटकू लागली.

औषधाचा कोर्स तिने पुरा केला. त्यानंतर आजवर ती त्या तक्रारीसाठी पुन्हा आलेली नाही.