टोलमाफी झाली, आता तालुक्याला चार्जर द्या

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत विजेची गाडी घ्यायची म्हटली की घोडे पार्किंगपाशी अडते. जागा कोणाची, वायर कुठून ओढायची, मीटर कोणाच्या नावावर, सोसायटीचा ठराव कधी होणार, यातच महिने जातात. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावात यातली बरीच कटकट मुळातच नाही. स्वतःचे घर, पुढे अंगण, वर स्वतःचा स्लॅब आणि भिंतीवर आपल्याच नावाचा महावितरणचा मीटर, एवढे ज्याच्याकडे आहे त्याला गाडी चार्ज करायला कोणाची परवानगी लागत नाही. तरीही विजेची गाडी म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांचा शौक, हा समज गावोगाव पक्का आहे. हिशेब मांडला तर तो समज टिकत नाही. आणि हिशेब मांडला की सरकारी धोरणाचा रोख कुठे चुकतो आहे, तेही दिसते.

आष्टीहून जालना साधारण 70 ते 80 किलोमीटर. परतूर त्याहून कितीतरी जवळ. दवाखाना, कोर्ट, बाजार समिती, मुलांचे कॉलेज या फेऱ्यांत एखाद्या व्यापाऱ्याची किंवा डॉक्टरची गाडी महिन्याला 1,000 किलोमीटर सहज धावते. छोटी पेट्रोल गाडी लिटरमागे 16 किलोमीटर देते असे धरले आणि पेट्रोल 105 रुपयांच्या आसपास धरले, तर महिन्याचा खर्च साडेसहा हजार रुपये. तेवढ्याच आकाराची विजेची गाडी, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, युनिटमागे सात किलोमीटर चालते. म्हणजे महिन्याला सुमारे 140 युनिट.

या 140 युनिटांना किती पैसे पडतील, हे घराच्या बिलावर ठरते. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या 100 युनिटांचा दर सहा रुपयांच्या जरा खाली होता, 101 ते 300 युनिटांचा साडेअकरा रुपयांच्या आसपास आणि 300 च्या पुढे थेट पावणेसोळा रुपये. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. ज्या घराचा वापर महिन्याला 100 युनिट आहे, त्या घरात गाडी आली तर बिल साधारण 1,900 रुपयांनी वाढते. ज्या घरात आधीच 250 युनिट जळतात, तिथे गाडीचे निम्म्याहून जास्त युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि वाढ 2,300 रुपयांवर पोचते. दोन्ही घरांत पेट्रोलच्या मानाने चार हजारांहून जास्त पैसे वाचतात.

बाहेरच्या जलद चार्जरवर गणित बदलते. तिथे युनिटला 18 ते 25 रुपये मोजावे लागतात, म्हणजे किलोमीटरला तीन रुपयांच्या आसपास. हा खर्च सीएनजीच्या जवळ जातो. विजेची गाडी घरी चार्ज झाली तरच खरी स्वस्त पडते, हे विकत घेणाऱ्याने आधी मनाशी पक्के करावे.

आता किमतीकडे येऊ. विजेच्या गाडीवर 1 ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के जीएसटी आहे. पेट्रोलच्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे दोघींच्या किमतीतले अंतर पुन्हा रुंदावले. टाटा टियागो ईव्ही, एमजी कॉमेट अशा छोट्या गाड्यांची शोरूममधली किंमत साधारण आठ लाखांच्या घरात सुरू झाली. त्याच तोडीच्या पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाख जास्त पडतात असे धरू. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के मोटार वाहन कर लागतो आणि विजेच्या गाडीला तो माफ आहे. तेवढ्यात साठ-सत्तर हजार भरून निघतात. उरलेले दोन लाख तीस हजार वसूल व्हायला महिन्याला 1,000 किलोमीटर धावणाऱ्याला चार वर्षांच्या थोडे वर लागतात. 2,000 किलोमीटर धावणाऱ्याला दोन वर्षे आणि दोन-तीन महिने पुरतात. महिन्याला जेमतेम 400 किलोमीटर चालवणाऱ्याला दहा वर्षेही पुरत नाहीत. लग्नकार्याला आणि देवदर्शनालाच गाडी बाहेर काढणाऱ्याने पैशासाठी म्हणून विजेची गाडी घेऊ नये. रोज रस्त्यावर असणाऱ्याने ती न घेणे हे त्याचे नुकसान आहे.

बॅटरी भाड्याने देण्याची सोयही आली आहे. सप्टेंबर 2024 मध्ये एमजीने विंडसर ही गाडी 9.99 लाखांना आणली, बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. सुरुवातीला पैसे कमी लागतात हे खरे. पण त्या भाड्यात घरची वीज मिळवली की किलोमीटरचा खर्च पाच रुपयांच्या पुढे जातो आणि पेट्रोलच्या मानाने होणारी बचत फारशी उरत नाही. जास्त फिरणाऱ्याने हा सौदा कागदावर दोनदा मांडून पाहावा. बॅटरीच्या आयुष्याची भीती मात्र आता पूर्वीइतकी खरी नाही. बॅटरीवर आठ वर्षे किंवा 1.60 लाख किलोमीटरची हमी सर्रास मिळते.

गाडी घरी आल्यावर पहिली अडचण येते ती अर्थिंगची. जुन्या वायरिंगच्या घरात तीन पिनांचा प्लग असतो, पण त्यातल्या जाड पिनेला जोडलेली तार कुठेच जात नाही. टीव्ही-फ्रिज त्याही स्थितीत चालतात. गाडीचा चार्जर चालत नाही. तो आधी अर्थिंग तपासतो, ते नसेल तर लाल दिवा दाखवून वीज घेणेच बंद करतो. मग वायरमन येतो, भिंतीलगत खड्डा घेतो, त्यात पाइप किंवा पट्टी उभी करून कोळसा आणि मीठ भरतो, तिथून जाड तार थेट प्लगपर्यंत आणतो. हे काम काही हजारांत होते आणि त्यात टाळाटाळ करू नये. सोबत स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी बसवावी, 15 अँपिअरच्या पॉइंटला मीटरपासून वेगळी वायर द्यावी आणि एक्स्टेंशन बोर्डाला गाडी कधीही लावू नये. मीटरचा मंजूर भार एक-दोन किलोवॉट असेल तर महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा, कारण घरचा साधा चार्जरच तीन किलोवॉटच्या आसपास ओढतो. या चार्जरवर 24 युनिटांची बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. संध्याकाळी डीपीवर ताण असतो आणि दाब पडतो. रात्री अकरानंतर गाडी लावली तर सकाळी ती तयार असते.

दिवसाही लावता येते, आणि मराठवाड्यात खरी ताकद दिवसाच आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. एक किलोवॉटचे पॅनेल महिन्याला सरासरी 120 युनिट देते, म्हणजे तीन किलोवॉटमध्ये साडेतीनशे. मध्यम घराचा वापर आणि गाडीचे 140 युनिट दोन्ही त्यात बसतात, आणि वरच्या टप्प्याचा महाग दर अंगावर येत नाही. शिवाय वीज नियामक आयोगाच्या जून 2025 च्या आदेशाप्रमाणे टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारा, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत मिळाली. ज्याचे दुकान घरालाच लागून आहे, त्याने दुपारी गाडी लावावी. उन्हाने ज्या भागाला इतकी वर्षे पोळले, त्या भागाला त्याच उन्हावर गाडी चालवता येते, ही मराठवाड्यासाठी मोठी गोष्ट आहे.

अडते ते गावाबाहेर पडल्यावर. 24 युनिटांची छोटी गाडी एसी लावून, माणसे बसवून प्रत्यक्षात 180 ते 200 किलोमीटर जाते. आष्टी-जालना-आष्टी फेरी त्यात होते. छत्रपती संभाजीनगरला जाऊन त्याच दिवशी परत यायचे तर मध्ये चार्जिंग हवेच. जलद चार्जरवर तासाभरात बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत भरते, पण असे चार्जर मोठ्या शहरांभोवती आणि महामार्गांवर एकवटले आहेत.

राज्याच्या एप्रिल 2025 च्या ईव्ही धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिली. 701 किलोमीटरचा समृद्धी जालना जिल्ह्यातून जातो, त्याचा फायदा जिल्ह्याला आहेच. पण आष्टीचा माणूस महिन्यातून किती वेळा समृद्धीवर चढतो? त्याचा रोजचा रस्ता परतूरचा, माजलगावचा, जालन्याचा. राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट धोरणात आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी 2,000 कोटी रुपये राखले आहेत. यातले तालुक्याच्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न लोकप्रतिनिधींनी आतापासून विचारायला हवा. नाहीतर महामार्गालगत चार्जरची रांग लागेल आणि आडरस्त्यावरचा माणूस पेट्रोल पंपावरच उभा राहील.

मराठवाड्यात पुढाकाराची उणीव नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजकांनी एकत्र येऊन 65 कोटींच्या 150 मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या आणि देशभर नाव केले. त्याच शहरात 2022 मध्ये ‘मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने विजेच्या गाड्यांची एकत्रित खरेदी झाली. एकत्र गेले की कंपनी किमतीवर बोलते, बँक व्याजावर बोलते आणि चार्जरची मागणीही मोठ्या आवाजात करता येते. परतूर आणि आष्टीचे व्यापारी, डॉक्टर, शिक्षक दहा-वीस जणांनी मिळून असे केले तर काय बिघडते? आता तर टोयोटा किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू आणि एथर या कंपन्यांनी विजेच्या व हायब्रिड वाहनांच्या कारखान्यांसाठी संभाजीनगरजवळच्या ऑरिक औद्योगिक नगरीची निवड केली आहे. गाड्या मराठवाड्यात बनणार असतील, तर त्या मराठवाड्याच्या गावांत चालल्याही पाहिजेत.

त्यासाठी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांच्या ठिकाणी आणि आष्टीसारख्या मोठ्या बाजारगावांत एसटी स्थानक, बाजार समिती किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात किमान एक जलद चार्जर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून बसवावा. त्याची देखभाल करणाऱ्या कंपनीशी करार करताना, चार्जर किती दिवसांत दुरुस्त झाला पाहिजे हे लेखी ठरवावे आणि न झाल्यास दंड लावावा. तिसरी मागणी वीज नियामक आयोगाकडे. चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र वर्गवारी 2018 पासून आहे, पण घरच्याच मीटरवर लावलेल्या गाडीचे युनिट घरगुती टप्प्यांत मोजले जातात आणि 300 च्या पुढे गेले की महागतात. घरातल्या गाडीला वेगळा उपमीटर आणि एकच सपाट दर मिळाला, तर स्लॅबवर पॅनेल बसवणे ज्याला परवडत नाही त्यालाही ही गाडी परवडेल. दरनिश्चितीच्या वेळी आयोग जाहीर हरकती आणि सूचना मागवतो. पुढच्या वेळी त्यात परतूर तालुक्यातून अर्ज गेले पाहिजेत.