नुसती मान नको
सांगोल्यात डाळिंबाचा हंगाम लागला की पॅकिंगच्या शेडवर हुकूम सुटतो, ‘माल नीट निवडा!’ नीट म्हणजे किती ग्रॅमचं फळ, तेल्या रोगाचा एखादा ठिपका चालेल का, हे मात्र कुणी सांगत नाही. मग बॉक्स परत आला की मुकादम बायांवर खेकसतो. शेतमाल नेणारी देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी इथूनच बंगालमधल्या शालिमारला निघाली. निरोप देण्याघेण्यातली रेल्वेची शिस्त बघा. फोनवरून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, देताना ऐकणारा स्टेशन मास्तर निरोप परत म्हणून दाखवतो, खात्रीसाठी दिल्याघेतल्या जाणाऱ्या खासगी नंबरांची नोंद होते, मगच गाडी सुटते. शेडवरही नमुन्याचं फळ हातात द्या आणि विचारा, ‘काय कळलं, सांगा.’ नुसतं ‘कळलं का?’ म्हटलं तर मान सगळेच डोलावतात.